जुना टीव्ही भंगारात काढण्याआधी चार्जरवरची बारीक अक्षरे वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळी तोंडावर आली की ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या गेटपाशी जुने एलसीडी टीव्ही दिसू लागतात. पडदा आणि आवाज ठणठणीत असतो, मागे एचडीएमआयची दोन भोकेही असतात. टीव्ही 'स्मार्ट' नाही, एवढाच त्याचा गुन्हा. अशा टीव्हीला रास्पबेरी पायसारखा पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक जोडून घरचे मीडिया सेंटर करता येते, हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये हा बोर्ड ३५ डॉलरला पहिल्यांदा विक्रीला आला, तेव्हापासून हा उद्योग घरोघरी चालू आहे. तरी यातले बरेच बोर्ड पंधरवड्यात ड्रॉवरमध्ये जातात. 'अडकतो', 'मधेच बंद पडतो', 'हार्ड डिस्क दिसत नाही' या ठरलेल्या तक्रारी. यातल्या बहुतेकींचे मूळ बोर्डात नसून त्याला पोचणाऱ्या विजेत असते, आणि नेमके तेच कोणी तपासत नाही. म्हणून हे पत्र.

आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. घरात फक्त ओटीटी बघायचे असेल तर हा बोर्ड घेऊ नका. पैसे घेऊन सिनेमे दाखवणाऱ्या सेवा पूर्ण दर्जाचे चित्र देण्यासाठी वाइडवाइन एल-१ नावाची कुलूपबंद व्यवस्था मागतात आणि ती रास्पबेरी पायवर नाही. खटपट करून चित्र येते, पण कमी दर्जाचे. यूट्यूबचे फोर-के व्हिडिओही यावर धड चालत नाहीत, कारण ते ज्या पद्धतीने आवळलेले असतात ती उलगडणारे हार्डवेअर या बोर्डाच्या चौथ्या पिढीत म्हणजे पाय ४ मध्ये नाही आणि पाय ५ मध्येही नाही. त्या कामाला टीव्हीच्या मागे लावायची बाजारातली साधी स्ट्रीमिंग स्टिक पुरे. हा बोर्ड कामाचा कोणाला, तर ज्यांच्या घरात स्वतःचा ऐवज पडून आहे त्यांना: लग्नाच्या डीव्हीडी, मुंजीची कॅसेट, फोनमध्ये साठलेले नातवंडांचे व्हिडिओ, सीडीवरून उतरवलेली गाणी, दहा वर्षांचे गणपतीचे फोटो. 'सगळे सिनेमे फुकट' म्हणून तयार डबे विकले जातात, त्यांच्यापासून लांब राहावे. कोडी हे आपल्या फाइली टीव्हीवर लावून दाखवणारे सॉफ्टवेअर या बोर्डावर चालते, पण ते स्वतःबरोबर एकही सिनेमा आणत नाही. त्या डब्यात जे भरलेले असते ते चोरीचे असते.

आता बोर्ड कोणता? जुन्या फुल एचडी टीव्हीसाठी पाय ४, दोन जीबी रॅमचा. चार किंवा आठ जीबीवर पैसे घालू नका, सिनेमा बघताना ती रॅम नुसती बसून राहते. पाय ५ वेगवान आहे, पण त्यात ३.५ मिमीचे हेडफोनचे भोक नाही. शिवाय जुन्या एच-२६४ पद्धतीचे व्हिडिओ उलगडणारे खास हार्डवेअरही त्यातून काढून टाकले आहे. ते काम मुख्य प्रोसेसर करतो आणि फुल एचडीपर्यंत सहज निभावतो. हाताशी जुना पाय ३ असेल तर तोही डीव्हीडी आणि साध्या फुल एचडीला चालतो, फक्त एचईव्हीसी या नव्या पद्धतीने आवळलेल्या फाइलींपुढे गुडघे टेकतो. इतर कंपन्यांचे स्वस्त बोर्ड कागदावर सरस दिसतात. पण व्हिडिओ उलगडणारी चिप असणे वेगळे आणि सॉफ्टवेअरला ती वापरता येणे वेगळे, आणि घोडे दुसऱ्या बाबतीत पेंड खाते. पहिल्यांदाच करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

खरेदीला ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले की लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार चालत गाठता येतो. तिथे एक घोटाळा हमखास होतो. पाय ४ आणि ५ ला मायक्रो एचडीएमआय लागते, दुकानदार घाईत मिनी एचडीएमआय हातात ठेवतो. दोन्ही पिना दिसायला बहिणी-बहिणी, पण मिनी रुंद असते आणि जोर लावला तर बोर्डावरचे भोकच उचकटते. एका टोकाला मायक्रो आणि दुसऱ्या टोकाला मोठी पिन अशी सरळ केबल घ्या. छोटा अडॉप्टर लावून त्याला जाड केबल लटकवली तर तिच्या वजनानेच भोक सैल होते. बोर्डावर अशी दोन भोके असतात. टाइप-सी पॉवरच्या शेजारचे भोक पहिले, तेच वापरावे. दुसऱ्यात लावले आणि पडदा काळा राहिला म्हणून बोर्ड परत करणारेही आहेत.

आता मुख्य दुखणे. पाय ४ ला ५ व्होल्ट आणि ३ अँपिअर लागतात. घरात 'तेहतीस वॉटचा' मोबाइल चार्जर असतो, तो लावून माणूस निर्धास्त होतो. त्या चार्जरच्या पाठीवरची बारीक अक्षरे भिंग घेऊन वाचा. ५ व्होल्टपुढे बहुधा २ किंवा ३ अँपिअर लिहिलेले असते आणि तेहतीस वॉट पुढच्या ९ किंवा ११ व्होल्टच्या ओळीत असतात. फोन चार्जरशी बोलणी करून तो जास्त व्होल्टेज मागून घेतो. पाय ४ असली बोलणी करत नाही. त्याला ५ व्होल्टची ओळच मिळते.

चार्जर बरोबर असला तरी केबल घात करते. हिशेब साधा आहे. बारीक तारेच्या मीटरभर केबलचा जाण्या-येण्याचा रोध ०.१५ ओहम धरा. तीन अँपिअर वाहू लागले की केबलमध्येच ०.४५ व्होल्ट खर्ची पडतात. चार्जरमधून ५ व्होल्ट निघाले, बोर्डाला ४.५५ पोचले. बोर्डाची सहनशक्ती ४.६३ व्होल्टला संपते. त्याखाली गेले की पडद्यावर उजव्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते आणि बोर्ड स्वतःचा वेग उतरवतो. मेनू व्यवस्थित चालतो, सिनेमा मात्र अडकतो, कारण खरी वीज सिनेमा सुरू झाल्यावरच ओढली जाते. बघणाऱ्याला वाटते फाइल खराब आहे. म्हणूनच रास्पबेरी पायचा अधिकृत अडॉप्टर ५ ऐवजी ५.१ व्होल्ट देतो आणि त्याची केबल जाड व कायमची जोडलेली असते. बजेटमध्ये कुठे काटकसर करायची असेल तर ती बोर्ड ठेवायच्या पेटीत करा, अडॉप्टरमध्ये नको.

पाय ५ ची तऱ्हा आणखी वेगळी. त्याला ५ व्होल्टला ५ अँपिअर देणारा अडॉप्टर हवा. लॅपटॉपचे पासष्ट वॉटचे चार्जरही ५ व्होल्टला बहुधा ३ अँपिअरच देतात. असा चार्जर लावला की बोर्ड चालू होतो, पण यूएसबीच्या सगळ्या भोकांना मिळून ६०० मिलीअँपिअरवर रोखून धरतो. मग पोर्टेबल हार्ड डिस्क नुसती टकटक करते, फिरत नाही. डिस्क बिचारी चांगली असते.

पाय ४ वर ही मर्यादा एकूण १.२ अँपिअर आहे. अडीच इंची हार्ड डिस्क फिरायला सुरुवात करताना एक अँपिअरच्या आसपास ओढते, त्यामुळे एक डिस्क जेमतेम चालते आणि शेजारी दुसरी लावली की दोन्ही गळतात. दोन डिस्क असतील तर स्वतःचा अडॉप्टर असलेला यूएसबी हब घ्यावा. आणि टीव्हीच्या मागच्या यूएसबी भोकातून बोर्डाला वीज देण्याची युक्ती कोणी सांगितली तर कानावर हात ठेवा. ते भोक पेन ड्राइव्हसाठी असते, अर्ध्या-पाऊण अँपिअरपुढे त्याची मजल नसते, आणि टीव्ही बंद केला की बोर्डाची वीज चालू कामात तुटते.

उष्णतेबद्दल थोडक्यात. ८० अंश सेल्सिअसला बोर्ड वेग कमी करू लागतो. मे महिन्यात आपल्याकडे घरातच पस्तीसच्या वर असते, त्यात बोर्ड टीव्ही युनिटच्या बंद खणात सेट टॉप बॉक्सवर ठेवलेला, म्हणजे भट्टीच. पंखा असलेली पेटी घोडबंदर रोडच्या बांधकामांच्या धुळीत काही महिन्यांत घरघरू लागते. त्यापेक्षा पंखा नसलेली, खाचा पाडलेली ॲल्युमिनियमची पेटी उत्तम. चिप आणि पेटी यांच्यामध्ये लावायची राखाडी पट्टी दोन्ही बाजूंचे प्लास्टिक सोलूनच लावायची. एका बाजूचे प्लास्टिक तसेच राहते आणि पेटी थंड, चिप तापलेली असा प्रकार होतो. धातूच्या पेटीने वायफाय थोडे दबते, ही तिची एकच खोड.

सॉफ्टवेअरचे काम अर्ध्या तासाचे. १६ किंवा ३२ जीबीचे, ए-१ शिक्का असलेले नामांकित मेमरी कार्ड घ्या. संगणकावर रास्पबेरी पाय इमेजर हे कार्ड भरून देणारे सॉफ्टवेअर उतरवा, त्यात मीडिया प्लेअरच्या गटात लिब्रेईएलईसी निवडा. ही कोडी चालवण्यापुरतीच बांधलेली प्रणाली आहे. पाय ४ आणि ५ साठी प्रती वेगळ्या आहेत, चुकीची भरली तर बोर्ड सुरू होत नाही. इमेजरने वायफाय आणि पासवर्ड आधीच भरायचे का असे विचारले तर 'नाही' म्हणा, त्या सोयी या सॉफ्टवेअरला लागू पडत नाहीत. लिहून झाले की विंडोज विचारते, 'ही डिस्क फॉरमॅट करायची का?' इथे भलेभले 'हो' म्हणून बसतात आणि कार्ड कोरे करतात. विंडोजला कार्डावरचा बोर्डाच्या लिनक्स प्रणालीचा भाग वाचता येत नाही म्हणून ते विचारते. रद्द करा आणि कार्ड काढून घ्या.

बोर्डात कार्ड घाला, टीव्ही आधी चालू करा, मग बोर्डाला वीज द्या. हा क्रम महत्त्वाचा, कारण सुरू होताना बोर्ड टीव्हीला विचारतो की तुला कोणते चित्र चालते. टीव्ही झोपलेला असेल तर उत्तर येत नाही आणि नंतर टीव्ही लावला तरी पडदा काळाच. पहिल्या वेळी कार्डावरची जागा वाढवून बोर्ड आपणहून एकदा बंद होऊन चालू होतो, तेव्हा घाबरून बटण बंद करू नये. नंतरच्या प्रश्नांमध्ये वायफाय जोडा, साम्बा चालू ठेवा आणि एसएसएच बंद. साम्बामुळे घरातल्या संगणकावरून बोर्डाचे फोल्डर दिसतात. एसएसएच म्हणजे दुसऱ्या संगणकावरून बोर्डाला हुकूम देण्याची वाट. तिचा ठरलेला पासवर्ड सगळ्या जगाला माहीत आहे, तो न बदलता चालू ठेवणे म्हणजे दार सताड उघडे टाकणे.

रिमोट वेगळा घ्यावा लागत नाही, ही या सगळ्यातली सर्वांत गोड गोष्ट. एचडीएमआयच्या एका तारेतून टीव्हीच्या रिमोटचे बटण बोर्डापर्यंत पोचते. या सोयीचे खरे नाव सीईसी, पण प्रत्येक कंपनीने बारसे वेगळे केले आहे: सॅमसंगमध्ये ॲनीनेट प्लस, एलजीत सिमप्लिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक, पॅनासॉनिकमध्ये व्हिएरा लिंक. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ते चालू करा. आजी-आजोबांना नवा रिमोट शिकवावा लागत नाही, बाण आणि ओके एवढ्यावर भागते.

चित्राच्या कडा कापलेल्या दिसल्या तर आधी टीव्हीतच बघा. एलजीत जस्ट स्कॅन, सॅमसंगमध्ये स्क्रीन फिट, सोनीत फुल पिक्सेल असा पर्याय असतो. त्याने भागले नाही तरच कोडीतले व्हिडिओ कॅलिब्रेशन. आवाज येत नसेल तर ऑडिओत चॅनेल २.० करा आणि पासथ्रू बंद करा. पासथ्रू म्हणजे आवाज न उलगडता तसाच पुढे धाडणे, तो घरात वेगळा ॲम्प्लिफायर असेल तरच लागतो. संवाद पुटपुटल्यासारखे आणि पार्श्वसंगीत कानठळ्या बसवणारे असेल तर त्याच पानावर डाउनमिक्समध्ये मूळ आवाज कायम ठेवण्याचा पर्याय आहे, तो लावून बघा. प्लेअरच्या सेटिंगमध्ये डिस्प्ले रिफ्रेश रेट जुळवण्याचा पर्याय 'सुरुवातीला आणि शेवटी' वर ठेवा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा आणि टीव्ही ६० चा असेल तर कॅमेरा आडवा फिरताना चित्र बारीक हिसके खाते, ते याने जाते.

तरीही एखादी फाइल अडकली तर छोट्या वायरलेस कीबोर्डवर ओ हे अक्षर दाबा. पडद्यावर तांत्रिक माहिती येते. डिकोडरच्या ओळीत एचडब्ल्यू दिसले तर चिप काम करते आहे, एसडब्ल्यू दिसले तर सगळा भार प्रोसेसरवर आहे. फोनच्या व्हिडिओंची गंमत इथे कळते. पाय ४ एचईव्हीसी पद्धतीचे फोर-के सहज दाखवतो, पण एच-२६४ मध्ये त्याची धाव फुल एचडीपर्यंतच. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर फोर-के घेतलेले चित्रण एच-२६४ मध्ये साठते, आणि मग बारशाचा व्हिडिओ दोन सेकंदांना एकदा हलतो. फोनच्या कॅमेऱ्यात एचईव्हीसी निवडा, नाहीतर सरळ फुल एचडीत घ्या. आयफोन १२ पासूनच्या फोनांचे दुखणे उलटे. व्हिडिओ चालतो छान, पण जुन्या टीव्हीवर पैठणीसुद्धा धुवट दिसते. तो एचडीआर या जास्त रंगांच्या पद्धतीने घेतलेला असतो आणि ते रंग साध्या टीव्हीला जुळवून देण्याचे काम बोर्ड करत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून एचडीआर व्हिडिओ बंद करणे हाच उपाय.

लग्नाच्या डीव्हीडी मात्र लांबणीवर टाकू नका. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत घरी 'बर्न' केलेल्या डिस्क टिकत नाहीत. त्यांच्यातला रंगद्रव्याचा थर कालांतराने बिघडतो, वर बुरशीचे जाळे धरते ते वेगळेच. वाचताना डिस्क अडखळली तर ओल्या मऊ फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल नाही. गोल चरा लेसरच्या वाटेवरूनच जातो, तर आडवा चरा ती वाट फक्त ओलांडतो. संगणकावर मेकएमकेव्ही या सॉफ्टवेअरने डीव्हीडी एका फाइलमध्ये उतरवा. यात चित्र पुन्हा आवळले जात नाही, त्यामुळे दर्जा आहे तसा राहतो. एका डिस्कचे ४.७ जीबी धरले तरी ५०० जीबीच्या हार्ड डिस्कवर शंभरेक डिस्क मावतात. पुन्हा आवळून जागा वाचवण्याचा मोह टाळावा. नवरा-नवरी वळताना कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसल्या तर व्हिडिओ चालू असताना सेटिंगमध्ये डीइंटरलेस चालू करा. त्या काळचे चित्र एक आड एक ओळींनी घेतलेले असते, बिघाड नसतो. आणि कॅसेट स्टुडिओत उतरवायला देणार असाल तर डीव्हीडी मागू नका, सेकंदाला २५ चित्रांची एमपी-४ फाइल पेन ड्राइव्हवर मागा.

डिस्कच्या फॉरमॅटबद्दल दोन शब्द. फॅट-३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. विंडोजवरही लावायची असेल तर एनटीएफएस किंवा एक्सफॅट ठेवा. फायलींना नावे देताना प्रत्येक सिनेमाचा वेगळा फोल्डर, नाव रोमन लिपीत आणि पुढे कंसात वर्ष. एकाच नावाचे दोन-दोन सिनेमे असतात, वर्ष नसेल तर कोडी भलत्याच सिनेमाचे पोस्टर चिकटवते. घरचे व्हिडिओ कोडीच्या लायब्ररीत, म्हणजे पोस्टर-माहितीच्या यादीत, घालूच नका, त्या फोल्डरला माहिती शोधण्याचा पर्याय 'काही नाही' ठेवा. नाहीतर ताईच्या साखरपुड्याला कुठल्यातरी परदेशी सिनेमाचा सारांश जोडला जातो. मराठी सबटायटल असतील तर फाइल यूटीएफ-८ या अक्षरपद्धतीत साठवा. अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर नोटो सान्स देवनागरी हा फाँट कोडीच्या मीडिया फोल्डरमधल्या फाँट्समध्ये टाकून सबटायटलसाठी निवडा.

हार्ड डिस्क यूएसबी ३ च्या निळ्या भोकात लावली आणि वायफाय मेले, असे झाले तर राउटरला दोष नको. यूएसबी ३ ची गडबड २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ऐकू जाते. टॉवरमध्ये आधीच शेजारच्या वीस राउटरची गर्दी असते, त्यात ही भर. बोर्ड ५ गिगाहर्ट्झवर जोडा किंवा राउटरपासून लॅनची केबल ओढा.

राहता राहिली वीज बंद करण्याची रीत. बोर्ड ताटकळत ठेवला तरी साधारण ३ वॉट खातो, महिन्याला सव्वादोन युनिटांच्या आत. त्यामुळे रात्री भिंतीवरचे बटण खटकन बंद करण्याची गरज नाही. करायचेच असेल तर कोडीच्या मेनूतून शटडाउन देऊन, बोर्डावरचा हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की मग. लिहिणे चालू असताना वीज गेली की कार्डावरची लायब्ररी आणि डिस्कवरची यादी दोन्ही बिघडू शकतात. दुसऱ्या दिवशी डिस्क दिसते पण नवीन फाइल घेत नाही, ते याच कारणाने. विंडोजला लावून एरर चेकिंग करून 'इजेक्ट' करून काढा, बहुतेकदा पूर्ववत होते. वीज वरचेवर जाणाऱ्या भागात राउटर ज्या छोट्या यूपीएसवर आहे त्यावर हा बोर्ड चढवायचा असेल, तर त्या यूपीएसच्या ५ व्होल्टच्या भोकावर ३ अँपिअर लिहिले आहेत का ते आधी बघा. तिथेही बहुधा दोनच असतात.

सगळे मनासारखे लागले की लिब्रेईएलईसीच्या सेटिंगमध्ये सिस्टिमखाली बॅकअप आहे, तो घ्या. बॅकअपची फाइल त्याच कार्डावर तयार होते. ती तिथेच ठेवली तर कार्डाबरोबर तीही जाते. साम्बातून उचलून संगणकावर ठेवा आणि फाइलच्या नावात तारीख घाला.

आपले,
दोन वाचक, नौपाडा (ठाणे) आणि ऐरोली (नवी मुंबई)